पुढील वाटचालीस शुभेच्छा

आमचे मॅनेजर सोमवारी फोन उचलत नसत. मेसेज केला तर मिनिटात उत्तर, वर दोन हसरे चेहरे. पण फोन केला की तो बिचारा वाजून वाजून थकायचा. मला आधी वाटलं, सोमवारचं मौन वगैरे पाळत असतील. ब्राझीलच्या माणसाचं आपण काय सांगावं? शेवटी एका मंगळवारी मी विचारलंच. ते म्हणाले, "मॅडम सेक्रेटरी, मॅच असते शनिवारी-रविवारी. हरल्यानंतरच्या सोमवारी क्लबच्या सेक्रेटरीचा फोन कशासाठी येतो, ते मी सहा देशांत शिकलोय."

ती सेक्रेटरी म्हणजे मी. सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाची चाळिशी उलटलेल्या पुरुषांची एक फुटबॉल टीम होती, अजूनही आहे. बँकर, अकाउंटंट, दोन इंजिनियर आणि एक संशोधक, ज्याचा गुडघा हाच संशोधनाचा विषय व्हायला हवा होता. माझा नवरा लेफ्ट बॅक खेळायचा, म्हणजे डाव्या बाजूला उभा राहायचा. क्रीडा सचिवाचं पद रिकामं झालं त्या वार्षिक सभेत मी नेमकी चहाच्या रांगेत होते. कप घेऊन परत आले तर मी एकमताने निवडून आले होते.

आता माझ्या नोकरीचा दोष म्हणा, पण मला माणसाचा इतिहास तपासल्याशिवाय राहवत नाही. रॅफल्स प्लेसला एका बँकेत माझं कामच ते. ग्राहक कुठून आला, आधी कुठे होता, तिथून का निघाला, मधल्या काळात काय करत होता. टीमला मॅनेजर ठेवायचं ठरलं आणि मुलीच्या फुटबॉल क्लासमधले ब्राझीलचे सर शनिवारी सकाळी मोकळे असतात असं कळलं, तेव्हा मी आधी बायोडेटा मागितला.

बारीक टायपातली दोन पानं आली. पहिल्या पानावर खेळाडू म्हणून कारकीर्द: ब्राझीलमधले तीन क्लब, मग पोर्तुगाल, सायप्रस, तुर्कस्तान, जपान, मलेशिया, पुन्हा तुर्कस्तान. हे स्ट्रायकर, म्हणजे गोल मारण्याची नोकरी. दुसऱ्या पानावर मॅनेजर म्हणून: जॉर्डन, ओमान, व्हिएतनाम, मालदीव आणि नकाशात भिंग लावून शोधावी लागतील अशी दोन बेटं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच शेरा, 'परस्पर संमतीने'. आमच्या बँकेत ही फाइल आली असती तर मी खातं उघडू दिलं नसतं.

"एकाही ठिकाणी सीझन पूर्ण केला नाहीत?" मी विचारलं.

"खेळाडू होतो तेव्हा मला मध्येच विकायचे. मॅनेजर झालो तेव्हा मध्येच काढायचे," ते म्हणाले. "सीझनची सुरुवात मला पाठ आहे, मॅडम. शेवट मी फक्त टीव्हीवर पाहिलाय."

मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "मला एक सीझन द्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही सगळ्या मॅच हरलात तरी माझी तक्रार नाही."

त्यांना आम्ही घेतलं ते या वाक्यावर. सगळ्या मॅच हरलो तरी तक्रार नाही, असं म्हणणारा माणूस आमच्या टीमला दुसरा कुठे मिळणार होता?

मॅनेजरांची भाषा म्हणजे भेळ. आकडे जपानीत मोजायचे, शिव्या तुर्कीत, प्रार्थना पोर्तुगीजमध्ये आणि हॉकर सेंटरवर कॉफी मागायची मलयमध्ये. आज ते तिसऱ्याच देशात आहेत, तरी मेसेज येतो तो चार भाषांत. देशांची वर्णनंही ते तिथल्या समुद्राची, डोंगरांची करत नसत, तिथून कसं काढलं त्याची करत. तुर्कस्तानात म्हणे आधी कमरेत बारीक असलेल्या ग्लासातून चहा देतात. जॉर्डनमध्ये वेलदोड्याची कॉफी. सायप्रसला त्यांना ही बातमी न्हाव्याकडे कळली, अर्धी दाढी झालेली असताना. जपानमध्ये क्लबचे अध्यक्ष इतका वेळ वाकून उभे राहिले की यांना वाटलं त्यांची पाठ धरली, म्हणून हे त्यांना सरळ करायला गेले. आणि व्हिएतनाममध्ये एका माणसाने रस्त्यात थांबवून मैदानाचा पत्ता विचारला. यांनी तो नीट समजावून सांगितला, वर बसमध्ये बसवून दिलं. तो नवा मॅनेजर होता.

हे सगळं ते इतक्या आनंदाने सांगत की ऐकणाऱ्याला आपल्या कायम नोकरीची लाज वाटावी. एक वाक्य मात्र नेहमी असायचं: "स्ट्रायकरने मागे बघायचं नसतं आणि मॅनेजरने पुढे बघायचं नसतं." माझ्या नवऱ्याने ते ऑफिसच्या टेबलावर चिकटवलंय. तो कर्जविभागात आहे, तिथे ते कसं लागू पडतं ते मी विचारलं नाही.

आमच्या घरी आले तर बसत नसत. मी म्हणायचे, "बसा ना." की हे भिंतीला टेकून अधिकच ताठ. चहा आणला की कप हातात घेऊन दाराच्या दिशेने दोन पावलं सरकायचे. माझ्या मुलीने एकदा मला स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "मम्मा, ही इज स्केअर्ड ऑफ यू, इज इट?" मी म्हटलं, ब्राझीलची पद्धत असेल. उत्तर मला पाडव्याच्या कार्यक्रमानंतर मिळालं.

पाडव्याचा कार्यक्रम जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या क्लबहाउसमध्ये होता. सीझनची पहिली मॅच दोन आठवड्यांवर होती. आपल्याकडे नवा माणूस आला की त्याचा सत्कार करायचा, यात विचार करण्यासारखं काही नसतं. अध्यक्षांनी मॅनेजरांना पहिल्या रांगेत खांदे दाबून बसवलं. कुणीतरी वाफाळता चहा हातात दिला. मग स्टेजवर बोलावलं. एसी बंद पडलेला, बाहेर उन्हाचा तडाखा, आणि त्यात खांद्यावर लोकरीची शाल. हातात नारळ. फुलांचा गुच्छ. फोटो. अध्यक्षांनी मराठीत छान भाषण केलं आणि शेवटी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' म्हटलं. पाहुण्यांना कळावं म्हणून त्याचं त्यांनी लगेच इंग्रजीही केलं, "वुई थँक यू, अँड वुई विश यू ऑल द बेस्ट फॉर युअर फ्यूचर एंडेव्हर्स!" सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरांनी खाली उतरून प्रत्येकाशी हात मिळवला. अगदी बटाटेवडा खात बसलेल्या पोरांशीसुद्धा. मला वाटलं, काय हा विनय! माझ्यापाशी आले तेव्हा डोळे भरलेले होते. "तुम्ही फार सभ्य लोक आहात," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी मैदानावर बावीस पाय हजर आणि मॅनेजर गायब. मेसेजला उत्तर नाही. मी तडक त्यांच्या फ्लॅटवर गेले. जुरोंग ईस्टलाच एका चिनी आंटीच्या घरात त्यांनी खोली भाड्याने घेतली होती. दार आंटीने उघडलं आणि माझ्या अंगावरच आली.

"यू द सेक्रेटरी, इझ इट? व्हाय यू पीपल लाइक दॅट? गिव्ह हिम कोकोनट, देन चेस हिम अवे! सो नाइस मॅन लेह. राइस कुकर ऑलरेडी गिव्ह मी!"

आत मॅनेजर बॅग भरत होते. नारळ टॉवेलमध्ये नीट गुंडाळून वर ठेवला होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"मॅडम, मला अकरा देशांचा अनुभव आहे," ते शांतपणे म्हणाले. "खुर्ची, गरम पेय, भेटवस्तू, फोटो आणि भविष्यासाठी शुभेच्छा. क्रम सगळीकडे हाच. फक्त दुसरीकडे आठवडा लागतो, तुम्ही अकरा मिनिटांत उरकलंत. आणि मी तर अजून एकही मॅच हरलो नव्हतो."

मी कपाळावर हात मारला. त्यांना समजावलं, की हे स्वागत होतं. आम्ही जाणाऱ्याचाही सत्कार करतो आणि येणाऱ्याचाही, त्याच शालीने, त्याच शब्दांनी. हे बोलता बोलता मलाच ते विचित्र वाटायला लागलं. आयुष्यभर शंभर तरी सत्कार पाहिले असतील, पण माणूस आत येतोय की बाहेर चाललाय हे नुसतं बघून ओळखता येत नाही, हे मला त्या खोलीत प्रथमच कळलं.

त्यांनी हातातला शर्ट खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही माणसाला काढता कसं?"

मी आठवून पाहिलं. एकही उदाहरण सापडेना. "आम्ही काढत नाही," मी म्हटलं. "आमचा सांस्कृतिक सचिव चार वर्षांपूर्वी मेलबर्नला राहायला गेला. अजून तोच सांस्कृतिक सचिव आहे."

मॅनेजरांनी नारळ बॅगेतून बाहेर काढला. आंटीने राइस कुकर मात्र परत दिला नाही.

मग त्यांच्या अंगात उत्साह संचारला. मोठ्या क्लबांचं सीझनआधी शिबिर असतं, आपलंही हवं. एका रविवारी आम्हाला पुलाउ उबीनला नेलं. तिथे जायला लहानशी बमबोट लागते आणि ती बारा डोकी जमल्याशिवाय हलत नाही. खेळाडू दहा, मी अकरावी आणि मॅनेजर बारावे, हा त्यांना शुभशकुन वाटला. बेटावर सायकली भाड्याने घेऊन व्यायाम सुरू झाला आणि अर्ध्या तासात एका जुन्या कंपोंगघराच्या, म्हणजे खेड्यातल्या लाकडी घराच्या, सावलीत आडवा झाला. मी बरोबर थालीपिठं आणि लसणाची चटणी नेली होती. ती पिशवी सायकलला लावली होती. झुडपातून एक रानडुक्कर निघालं, आमच्या झोपलेल्या बचावफळीच्या मधून सरळ सायकलीपर्यंत गेलं आणि पिशवी घेऊन तसंच सरळ पलीकडच्या झुडपात शिरलं.

आमची बोंबाबोंब. मॅनेजर टाळ्या वाजवत होते. "पाहिलंत? त्याने इकडे पाहिलं? तिकडे पाहिलं? त्याला फक्त पिशवी दिसत होती! मॅनेजर झाल्यापासून मी लोकांना हेच शिकवतोय!" त्यांनी सगळ्यांना उठवून ती धाव पुन्हा करून घेतली. आमचा स्ट्रायकर रानडुक्कर झाला. हा एका मोठ्या बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, त्याला ते आवडलं नाही. त्या दिवसापासून टच-लाइनवरून मॅनेजर "थालीपीठ!" असं ओरडले की त्याने आजूबाजूला न बघता सरळ गोलकडे पळायचं, असा आमचा एकुलता एक डाव ठरला. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. आमच्या टीमला भूक लागायची.

सीझन सुरू झाला. आम्ही हरलो. पुन्हा हरलो. एकदा बरोबरी झाली, कारण समोरच्यांचा गोलकीपर विमानतळावर बायकोला आणायला गेला. प्रत्येक मॅचनंतर मॅनेजर माझ्याकडे येऊन विचारायचे, "किती राहिल्या?" मी म्हणायचे, "पाच." मग, "चार." त्यांना गुण किती झाले यात रस नव्हता. आमचे पाय दुखायचे, हे मात्र दिवस मोजत होते.

तीन मॅच राहिल्या असताना स्ट्रायकरने ठराव आणला: मॅनेजरांना पदमुक्त करावं. सभा आमच्या घरी झाली. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडून बावीस स्लाइड दाखवल्या, त्यातल्या सहांमध्ये रानडुक्कर होतं. मंडळाच्या घटनेनुसार ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मॅनेजर भिंतीपाशी उभे होते. या माणसाला काय हवंय ते मला माहीत होतं, आणि ते तीन शनिवारांवर आलं होतं.

मॅनेजर बोलायला लागले. "यांचं म्हणणं बरोबर आहे, पण मुद्दे कच्चे आहेत. माझ्याकडे जास्त चांगले आहेत." आणि त्यांनी बोटांवर जपानीत मोजत स्वतःच्या चुका सांगितल्या. दुसऱ्या मॅचला त्यांनी चुकून बाराजण उतरवले होते आणि तरीही आपण हरलो होतो. चौथ्या मॅचच्या मध्यंतरात जे भाषण केलं ते समोरच्या टीमला केलं होतं, चेहरे नवे असल्याने लक्षात आलं नाही, आणि त्या भाषणानंतर ते फार छान खेळले. मग स्ट्रायकरच्या पत्राचा मसुदा मागून घेतला. "इथे 'निराशाजनक' लिहू नका. 'परस्पर संमतीने' लिहा. ते सगळ्या देशांत चालतं."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "प्रस्तावाला अनुमोदन कोण देतंय?" त्यांनी विचारलं. कुणी हात वर करेना. माझा नवरा छताकडे पाहत होता. तेवढ्यात एक हात वर झाला. तो मॅनेजरांचा होता. सगळ्यांना अवघडलेलं पाहून त्यांना राहवलं नव्हतं.

"तुम्ही मंडळाचे सभासद नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचं अनुमोदन ग्राह्य नाही!"

"मग पुढच्या सभेत घेऊ," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढच्या सभेची तारीख ठरवणं सेक्रेटरीच्या हातात असतं. मी कॅलेंडर उघडलं, शेवटच्या मॅचनंतरचा शनिवार शोधला आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर केला. त्या सभेला पुढे कोरम झालाच नाही. नोकरीत मी असं काही केलं असतं तर मला घरी पाठवलं असतं, पण त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला.

शेवटची मॅच नोव्हेंबरात, सकाळी नऊची. आम्ही पाच-शून्यने मागे होतो आणि बारा मिनिटं राहिली होती. तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि मैदानावरचा विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. सिंगापुरात हा भोंगा वाजला की मैदान सोडायचं, तिथे वाद नाही. दोन्ही टीम पत्र्याच्या शेडखाली जमल्या. समोरच्यांचा कॅप्टन, एका शाळेतला व्यायामशिक्षक, म्हणाला, "फाइव्ह-निल ऑलरेडी. एंड हिअर कॅन, लाह. गो होम."

आमच्यातले चौघे बूट सोडायलाही लागले. मुलांची ट्यूशन होती, सासू-सासरे यायचे होते.

मॅनेजर त्या कॅप्टनसमोर जाऊन उभे राहिले. "मला जिंकायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही आणखी दहा मारा. पण बारा मिनिटं खेळा. मी या बारा मिनिटांसाठी अकरा देश फिरलोय." इतके दिवस हसत हसत सगळं सांगणारा हा माणूस भीक मागतोय, हे मला बघवेना. कॅप्टनने त्यांच्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि खाली बसला. मग त्याची टीम बसली. आमच्या चौघांनी पुन्हा बुटाच्या नाड्या बांधल्या. ट्यूशन बुडाली.

पाऊण तासाने इशारा उठला. चिखलात ती बारा मिनिटं झाली. समोरच्यांनी आणखी एक गोल मारला आणि मारणाऱ्याने मॅनेजरांकडे पाहून माफी मागितली. मग रेफरीने तीन शिट्ट्या वाजवल्या. लोकांनी हात मिळवले आणि सगळे शेडकडे पळाले.

मॅनेजर रेषेवर तसेच उभे होते. मी जवळ गेले.

"संपला?" त्यांनी विचारलं.

"संपला."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता काय करतात?"

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते आवरलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"काही नाही. घरी जातात," मी म्हटलं. "जानेवारीत परत येतात."

"मीसुद्धा?"

"तुम्ही सगळ्यांच्या आधी. मॅनेजर आहात तुम्ही."

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवस सुट्टी."

तीस वर्षांत या माणसाला मधल्या दिवसांत फक्त बेकारी माहीत होती. ते रडायला लागले, अगदी लहान मुलासारखे, तोंड न झाकता. मीही रडले, लाज कसली.

मैदानाचे केअरटेकर अंकल लांबून हात हलवत आले. "हॅलो, टाइम अप ऑलरेडी! नेक्स्ट बुकिंग कमिंग!"

मॅनेजर त्यांच्याकडे धावत गेले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "अंकल," ते म्हणाले, "आय ॲम ऑन हॉलिडे."

अंकलनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "गुड फॉर यू, लाह. बट द नेट यू टेक डाउन फर्स्ट."

आणि आयुष्यातल्या पहिल्या सुट्टीवर असलेले आमचे मॅनेजर गोलपोस्टची जाळी सोडवायला पळाले.